समोर ठेवलेली कात्री

आजारपणाच्या काळात मी सिद्धेश्वराशी बोलणं सोडलं होतं. आई हात धरून तळ्याकाठच्या देवळात न्यायची, मी मुकाट्याने जायचे, डोकं टेकायचे आणि परत यायचे. देवावर रुसणं आमच्या घराला नवीन नव्हतं. माझे वडील, म्हणजे अप्पा, सुई मोडली तरी देवाला चार शब्द सुनवायचे. माझ्या मनात मात्र रुसण्याइतकंही काही उरलं नव्हतं.

अप्पा मूळचे कर्नाटकच्या सीमेलगतच्या मैंदर्गीचे. सोलापुरात त्यांचं शिलाईचं लहानसं दुकान होतं. संक्रांतीच्या यात्रेआधी तिथे बाराबंदी शिवून घ्यायला गर्दी व्हायची. नंदीध्वजाच्या मिरवणुकीत भक्त घालतात तो बारा बंदांचा पांढरा अंगरखा म्हणजे बाराबंदी. शाळा सुटल्यापासून मी अप्पांच्या शेजारच्या मशीनवर बसत होते. दोघांत कात्री एकच, जुनी आणि चांगली जड. ती हातातून हातात फिरायची. देताना अप्पा कानडीत ‘तगो’ म्हणायचे, म्हणजे घे. कात्री अशी हातात देऊ नये, भांडण लागतं, असं लोक मानतात. आम्ही बापलेक एरवीही दिवसभर भांडतच असायचो, त्यामुळे अप्पांना त्याची फिकीर नव्हती.

मग मला आवाज ऐकू यायला लागले. एका यात्रेच्या तोंडावर त्या आवाजांचं ऐकून मी शिवून तयार असलेल्या बाराबंदीच्या चिंध्या केल्या. पुढे दवाखाना, गोळ्या आणि नुसती झोप. अप्पांनी कात्री कपाटात घालून कुलूप लावलं. दुसरं काय करणार होते ते?

बऱ्याच काळाने डॉक्टर म्हणाले, आता हिला कामाला बसवा, काम करता करताच मन रुळेल. तेव्हापासून अप्पा रोज सकाळी कपाट उघडायचे, कात्री माझ्या मशीनवर ठेवायचे, ‘तगो’ म्हणायचे आणि हात मागे घ्यायचे. हातात काही देत नव्हते. मी मनाशी पक्कं केलं की हे मला घाबरतात. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला समजत होतं. पण बापानेही फुंकून प्यावं, हे सहन होईना. मी कात्रीला बोट लावलं नाही. संध्याकाळी ते ती उचलून ठेवायचे आणि सकाळी पुन्हा माझ्यासमोर आणायचे. त्यांनी कधी विचारलं नाही, मीही कधी सांगितलं नाही. असं चाललेलं असतानाच एके दिवशी त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. दुकानाला कुलूप लागलं.

डॉक्टरांनीच मला एका शिवणवर्गाचा पत्ता दिला. माझ्यासारख्या, मनाच्या आजारातून उठलेल्या माणसांना तिथे शाळेचे गणवेश शिवायला शिकवतात आणि पुढे कारखान्यात काम मिळवून देतात. मशीन मला परकं नव्हतं. कॉलर, खिसे, काजं सगळं जमलं. कापायची वेळ आली की मात्र मी कात्री उचलतच नव्हते. शिकवणाऱ्या ताईंनी खूप सांभाळून घेतलं, पण शेवटी त्यांनीही सांगितलं की कटिंग आल्याशिवाय कारखान्यात घेणार नाहीत. मी ठरवलं, आता पुरे. दुसऱ्या दिवशी ताईंना तसं सांगायलाच मी वर्गात गेले होते.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ काखेत कोरं पांढरं कापड घेऊन आत आले. दरवर्षी अप्पांकडून बाराबंदी शिवून घ्यायचे म्हणे. दुकान बंद दिसलं, शेजारच्या दुकानदाराने इकडे पाठवलं, असं त्यांनी सांगितलं. मी काही त्यांना ओळखलं नाही. मी म्हटलं, बाबा, मी कापत नाही आणि आजपासून इथे येणारही नाही. त्यांनी ऐकल्यासारखं केलंच नाही. कापड टेबलावर पसरलं, ताईंची कात्री उचलून माझ्यासमोर ठेवली आणि हात मागे घेतला. अगदी अप्पांसारखा.

इतक्या दिवसांचं साठलेलं तोंडावाटे बाहेर आलं. “तुमीबी घाबरताय व्हय मला?”

म्हातारबाबा शांतपणे स्टुलावर बसले. “घाबरू कशाला? तुजा बाप आसंच ठिवायचा की. मी इचारलं हुतं त्याला, लेकीच्या हातात का दीत न्हाइस म्हून. तर म्हनला, आदी देत हुतो, आता जीव हुत न्हाय. हातात दिली की भांडान लागतंय म्हनत्यात. माजं लेकरू लई लांबनं परत आलंय. तिच्यासंगं आता यवढंसंबी वाकडं नको.”

त्यांनी कात्रीकडे बोट केलं आणि म्हणाले, “तगो.”

मी कात्री उचलली. पहिला काप जरासा वाकडा गेला, पण तेवढा शिलाईत दडला. मी रडत होते आणि कापत होते, आणि ताई कापड धरून उभ्या होत्या.

यात्रेआधी ते बाराबंदी घेऊन गेले. नाव विचारायचं राहूनच गेलं. मिरवणुकीत मी त्यांना शोधलं, पण त्या पांढऱ्या गर्दीत कोण सापडणार? पुढच्या वर्षी ते आले नाहीत. शेजारच्या दुकानदाराला विचारलं, तर आपण कुणाला पाठवल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण त्याला सकाळी काय खाल्लं तेही आठवत नाही, म्हणून मी त्यावर फार विचार करत नाही. ते आले, एवढं मला पुरेसं आहे.

आज मी गणवेशाच्या कारखान्यात कटिंगला आहे. गोळ्या चालू आहेत, त्याही मी आता प्रसादासारख्या घेते. देवळात जाते आणि बोलतेही. देव हातात काही देत नाही, अशी माझी तक्रार होती. तो समोर ठेवतो आणि आपण वाकून घ्यायची वाट बघतो, हे मला फार उशिरा कळलं. ज्यांच्याकडून ते आधी कळायला हवं होतं, त्या अप्पांना सांगायची सोय आता नाही. ते घाबरलेले होतेच, पण मला नव्हे, मला पुन्हा गमावण्याला.

अप्पांची कात्री मी कारखान्यात नेते. सकाळी ती टेबलावर ठेवते, हात मागे घेते आणि क्षणभर थांबते. मग उचलते. अप्पा, तुमच्यासमोर एकदा तरी उचलायला हवी होती.