ती मातीची ओढ नव्हती

धाकू गेल्याची बातमी आली तेव्हा मी माझ्या गावी, कुंभारवाड्यात, खळ्यावर भाताच्या राशीपाशी उभा होतो. त्याला आता महिना उलटून गेला. या अवधीत त्याच्याविषयी जे बोलले गेले ते मी निमूटपणे ऐकून घेतले. परंतु तेराव्याला आमच्या मास्तरांनी भर पंगतीत सांगितले, की धाकू मुंबईच्या झगमगाटाला विटला आणि मातीच्या ओढीने आपल्या गावी, दिग्गीला परतला. लोकांनीही माना डोलावल्या. हे धादांत खोटे आहे. मास्तर तेव्हा पाळण्यात होते. मी साक्षीला होतो.

मुंबईत एका लाकडाच्या वखारीत धाकू सागवान मोजण्याच्या कामावर होता. एका हिवाळ्यात मी त्याच्या खोलीवर राहिलो, तेव्हा त्याचे ते शहर मी डोळ्यांनी पाहिले. काम सुटले की हा आंघोळ करी, काळा कोट चढवी आणि जिन्यातूनच शेजाऱ्यांना विचारी, "आज काय हाय?" आणि रोज काहीतरी असेच! कधी सर्कस, कधी गोऱ्यांचा बँड, कधी कुस्त्या, कधी तंबूतली हलती चित्रे. काहीच नसले तर आगीच्या बंबाचे घोडे दौडताना पाहायला हा गल्ल्या तुडवीत धावे. एकदा त्याने मला गुजराती व्याख्यानाला नेऊन बसवले. दोघांनाही अक्षर कळले नाही. पण टाळ्या सर्वांत मोठ्या धाकूच्या. मी चिडलो, तर म्हणाला, "अण्णा, आमच्या दिग्गीत न कळणारं तरी कोण बोलतंय?"

मग त्याचा थोरला भाऊ हिवतापाने गेला. मागे वहिनी, दोन लहान मुली आणि रानडुकरांच्या तोंडी आलेले भात. धाकू गावी आला तो "कापणी झाली की जातो" असे म्हणतच. कापणी झाली, मग नांगरणी आली... अशी काही वर्षे गेली.

अखेर एकदा तो मुंबईला जायला निघाला. मास्तर लोंढ्याच्या स्टेशनावरची ती गोष्टही रंगवून सांगतात. आगगाडीत पाय ठेवताना म्हणे त्याला मातीने हाक मारली. मातीने नव्हे, हाक मारली ती वहिनींनी मागून पिटाळलेल्या गड्याने. धाकट्या मुलीला ताप चढला होता. धाकूला पोचवायला बैलगाडी मीच नेली होती, म्हणून सांगतो. त्याने ट्रंक खाली उतरवली, आगगाडी जाऊ दिली आणि तिचा धूर दिसेनासा होईपर्यंत तो जागचा हलला नाही. मग हळूच म्हणाला, "अण्णा, आज तिथं काय असंल?"

मी ट्रंक उचलून बैलगाडीत ठेवली. पोर वाचली; धाकूने पुन्हा लोंढ्याचे नाव काढले नाही.

ज्याचे मन जिथे रमते तिथेच तो राहिला, तर त्यात थोरवी ती कसली? मास्तर धाकूची स्तुती करीत नाहीत. त्याने जे दिले तेच ते पुसून टाकतात.

दिग्गीतही दिवेलागणीला तो आंघोळ करून, कोट चढवून जगलीवर, म्हणजे घरापुढल्या कट्ट्यावर, येऊन बसे. वहिनी थट्टा करीत, "भावोजी, कुणाच्या लग्नाला?"

"लग्न न्हाई वैनी. पर वाटेनं काय आलंच, तर उशीर नको व्हायला."

त्या वाटेने जन्मभर आले ते गव्यांचे कळप आणि पाऊस.

परवा दिग्गीला जाऊन मी वहिनींना सांगितले, की खरे काय ते मी छापायला देणार आहे. त्या म्हणाल्या, "द्या. माझ्यापायी ऱ्हायले ते. मास्तरास्नी पण कळूदे."

दिवे लावायची वेळ झाली होती. त्यांनी खुंटीवरचा काळा कोट काढला, जगलीवर नेऊन झटकला, बाह्या सरळ केल्या आणि दाराशी अडकवला.

"आता कुठे जायचे आहे त्याला?" मी विचारले.

"कुठं न्हाई," वहिनी म्हणाल्या. "पर असूदे तयार."