अण्णांनी टिकवलेली युती

आमच्या वरच्या मजल्यावरच्या अण्णांइतका हट्टी माणूस बेंगळुरूच्या अख्ख्या बसवनगुडीत सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो अण्णांच्याच हाताखाली तयार झालेला असेल. डॉक्टरांनी कॉफी बंद करायला सांगितली, तेव्हा अण्णांनी डॉक्टर बंद केले. जिन्यात कुणी मराठीत बोललं तर ते कन्नडमध्ये उत्तर देतात, आणि कन्नडमध्ये बोललं तर मराठीत. "दोघांनाबी स्वल्प तरास झाला पायजे," असं त्यांचं म्हणणं.

या हट्टाचा कळस म्हणजे एक फोटो. अण्णा सीमाभागातल्या एका नगरपालिकेत कारकून होते. एका निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही आणि दोन हाडवैरी पुढाऱ्यांना युती करणं भाग पडलं. एकाला मराठीचा गंध नव्हता, दुसऱ्याने कन्नड शिकायचंच नाही अशी शपथ घेतली होती. मध्ये दुभाषे म्हणून अण्णांना बसवलं. मराठी पुढारी म्हणाला, "या माणसावर माझा काडीचा विश्वास नाही, पण करतो काय!" अण्णांनी कन्नडमध्ये सांगितलं, तुमच्याशिवाय आमचं चालायचं नाही म्हणतात. पलीकडचा गुरगुरला की याचं तोंडसुद्धा बघवत नाही. ते मराठीत असं उतरलं, फार दिवसांत आपलं दर्शन नाही. युती झाली. दोघांनी हातात हात घालून फोटो काढला, आपापल्या भाषेत त्यावर सह्या ठोकल्या आणि एक प्रत अण्णांना दिली. पुढे अण्णा मेहुणीच्या लग्नासाठी आठवडाभर रजेवर गेले. त्यांच्या जागी आलेला दुभाषा अत्यंत प्रामाणिक होता. त्याने शब्दाला शब्द भाषांतर केलं आणि अण्णा परतायच्या आत युतीचे तीनतेरा वाजले.

"युतीत काय खोट न्हवती. मी रजेवर हुतो," असं अण्णा अजूनही ठणकावून सांगतात.

निवृत्तीनंतर ते मुलाकडे बेंगळुरूला आले आणि दर रविवारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसांना कन्नड शिकवू लागले. फळ्याशेजारी तो फोटो. मारतहळ्ळीहून आयटीतली पोरं दोन-दोन बस बदलून यायची. त्या वर्गावर अण्णांचा जीव होता. मग सीमेवर पुन्हा वादावादी पेटली, ते दोन पुढारी टीव्हीवर एकमेकांच्या नावाने शंख करू लागले आणि मंडळातल्या काहींना तो फोटो एकदम खुपायला लागला. कार्यकारिणीची बैठक बसली. फोटो काढा, नाहीतर वर्ग बंद, असा ठराव आला.

अण्णा उठून उभे राहिले. "ह्यो फोटो त्या दोघांचा न्हवं. त्यांच्या मधी जागा दिसतीया न्हवं, तिथं मी हाय. काढत न्हाई, जावा!"

मतदान झालं. कार्यकारिणीत मीही होतो. उद्या याच लोकांत वावरायचंय, असा विचार करून मी फोटोच्या विरोधात हात वर केला. अण्णा पहिल्या रांगेत बसून, मागे वळून एकेक हात पाहत होते. माझाही पाहिला. मग त्यांनी फोटो खिळ्यावरून उतरवला, काखेत मारला आणि दारातून म्हणाले, "वर्ग बंद न्हाई. रविवारी दहाला, माझ्या गॅलरीत."

रविवारी मी उशिराच जिना चढलो. गॅलरीत मिळतील तेवढ्या खुर्च्या, स्टुलं मांडलेली होती, फोटो ग्रिलला तारेने बांधलेला होता आणि अण्णा इस्त्रीच्या शर्टात हातात खडू घेऊन उभे होते. वर्ग बंद झाल्याचं मंडळाने आधीच ग्रुपवर कळवून टाकलं होतं. एकही पोर आलं नव्हतं.

"अण्णा, त्या दिवशी मी..."

"बसा. उशीर झालाय. मागं नको, पुढं या."

आणि खड्या आवाजात त्यांनी धडा सुरू केला. पूर्ण तासभर शिकवलं. मला इतकी लाज वाटत होती की वर बघवेना. शेवटी नेहमीप्रमाणे त्यांनी सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "सगळ्यांना समजलं?"

मी एकटाच "हो" म्हणालो.