चिखलाला थांबायला शिकवताना

माझा मेहुणा ड्रेजरवर नळवाला आहे. ड्रेजर नदीचा तळ उपसून जहाजांना वाट मोकळी करतो आणि तो गाळ लांबलचक नळातून बाहेर टाकायचं काम याचं. उभ्या जन्मात त्याने गाळाला एकच गोष्ट शिकवली, परत यायचं नाही. काठावरच्या गाळ टाकायच्या मैदानावर तो असे ढीग रचायचा, की भरतीची काय बिशाद त्यांना हात लावायची. कपड्यांना मात्र तो वास कायमचा. घरी आला की हिचं, म्हणजे त्याच्या ताईचं, वाक्य ठरलेलं, "आधी नळाखाली जा, मग खुर्चीवर बस."

यंदा हुकूम उलटा निघाला. गाळ समुद्रात किंवा मैदानावर न टाकता आमच्या गल्लीमागच्या दलदलीत पसरायचा. पूर्वी तिथे कमरेएवढं पाणगवत होतं, ते लाटा अडवायचं. जमीन खचली, गवत बुडून मेलं आणि आता उधाणाचं पाणी थेट आमच्या उंबऱ्याशी येतं. आधी एक तुकडा प्रयोगाचा. उधाणाचं पाणी त्यावरून पसरून गेलं आणि गाळ जागच्या जागी राहिला, तर पुढचा सगळा गाळ इथेच येणार. नाहीतर सगळा समुद्रात.

"ताई, आता माझाच चिखल तुझं घर राखणार," मेहुणा म्हणाला.

"आजवर घरात आणलास तेवढा पुरला नाही वाटतं."

इंजिनीअर बाईंनी तुकड्याभोवती काटक्यांची कुंपणं घातली, आत बांबू रोवले आणि त्यांवर तांबड्या खुणा केल्या. मेहुण्याने जीव तोडून नळ चालवला. उधाणाच्या आदल्या दुपारी बाई पाहायला आल्या, तेव्हा मीही बांधावर होतो. एका कोपऱ्यात बांबूंची नुसती टोकं दिसत होती.

"काका, खुणा कुठे गेल्या?"

"आत आहेत. वर हातभर जास्तच चढवलाय," मेहुणा छाती काढून म्हणाला.

मैदानावर तांबडी खूण म्हणजे निदान इथवर भरा. तीच सवय हाताला लागलेली. बाई शांतपणे म्हणाल्या, "इथे खूण म्हणजे याच्या वर नको. गवताला भरतीचं पाणी लागतं, ते एवढं चढणार नाही. आणि उद्या पाणी या ढिगाला वळसा घालून शेजारचा ओला गाळ घेऊन जाईल."

मेहुण्याचा चेहरा पडला. क्षणभरच. मग त्याने ड्रेजरला फोन लावला. "गाळ बंद. नुसतं पाणी सोडा."

पलीकडून कोणीतरी हसलं असावं. "हो, बरोबर ऐकलंस. माझाच ढीग मलाच मोडायचाय."

नळाचं तोंड फिरवायला माणसं कमी पडली. "दाजी, बघत काय बसलात? दोर धरा." मी इस्त्रीच्या पँटसह गुडघाभर चिखलात उतरलो. नळ गुरगुरला, पाण्याचा लोट ढिगावर आदळला आणि तो हातभर ढीग लोण्यासारखा शेजारच्या खळग्यांत उतरू लागला. एक खूण दिसली. मग दुसरी. "अजून थोडं डावीकडे ओढा," मेहुणा ओरडत होता आणि मी ओढत होतो. ऊन उतरेपर्यंत सगळ्या खुणा एका ओळीत आल्या.

दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली बांधावर. पाणी आलं, कुंपणापाशी घुटमळलं आणि त्या कोपऱ्यावरही चादर पसरावी तसं पसरलं. मेहुण्याने माझं मनगट असं आवळलं, की बोटं बधिर झाली. ओहोटी लागली, पाणी उतरलं, आणि खाली गाळ होता तिथेच, ओला, चकचकीत. बाई चिखलावर टाकलेल्या फळ्यांवरून चालत कोपऱ्यापर्यंत गेल्या, काठी टोचून आल्या आणि तिथूनच त्यांनी ड्रेजरला कळवलं, "पुढचा गाळ इथेच पाठवा."

घरी येताच मेहुणा सवयीने मागच्या नळाकडे वळला.

"राहू दे, आधी बस," ही म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली. मग जराशी थांबली, आणि तिने खुर्चीवर वर्तमानपत्र पसरलं.