जुलेखाच्या चिंबोऱ्या

दुबईतल्या जबल अलीच्या एका गोदामात इद्रीस स्टोअरकीपर आहे, पण तिथं त्याचं नाव आहे ते चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, पकडणारा म्हणून. दुपारच्या डब्याला कुणी नवा माणूस बसला की जुने आग्रह करतात, "इद्रीसभाई, ती चिखलात पाय अडकलेली सांगा." मग इद्रीस हात पुसतो आणि कोकणातल्या आपल्या सावित्री नदीच्या खाडीला भरती आणतो. बिळात हात कसा घालायचा, चिंबोरी पाठीमागून कशी धरायची, पाय गुडघ्यापर्यंत रुतला आणि पाणी कमरेला लागलं तेव्हा आपण कसे बोंबललो, सगळं साग्रसंगीत. ऐकणाऱ्यांची हसून पुरेवाट होते.

त्यातली एकही चिंबोरी इद्रीसनं पकडलेली नाही. सगळ्या जुलेखाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या.

जुलेखा लहानपणी नूरजहाँ फुफीबरोबर, म्हणजे आत्याबरोबर, ओहोटीला खाडीत उतरायची. घरात कमावता पुरुष नव्हता, चिंबोऱ्या विकून चूल पेटायची. इद्रीसचं घर त्याच गावातलं, पण वरच्या आळीतलं. बाप कुवेतला, घरावर स्लॅब. लग्नानंतर सासूनं बजावलं, "चिखल माहेरी राहिला. इथं कुणाला सांगत बसू नकोस." जुलेखानं ते पाळलं. नवऱ्याला मात्र सांगितलं. शारजात संसार मांडला तेव्हा दोघांना एकमेकांशिवाय बोलायला कुणी नव्हतं, त्या दिवसांत तिनं त्याला खाडीच्या गोष्टी हौसेनं ऐकवल्या.

कंपनीच्या इफ्तारला इद्रीसनं त्यातली एक पहिल्यांदा सांगितली, तेव्हा तो "आमच्या गावात" असं म्हणाला होता. पुढच्या वर्षी "आम्ही" झालं, नंतर "मी." जुलेखा बायकांच्या टेबलावरून ऐकत होती. तेव्हा तिला राग आला नाही. चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस, आणि त्या दिवशी अख्खं टेबल त्याच्याकडे बघत होतं, तिला बरंच वाटलं होतं. राग नंतर आला आणि मुक्कामालाच राहिला. आयत्या बिळावर नागोबा, असं ती मनात शंभरदा म्हणाली असेल, तोंडानं एकदाही नाही. आपलं लहानपण नवऱ्याच्या नावावर चढलंय आणि ते परत कसं मागायचं हे तिला कळत नव्हतं.

ते प्रकरण उघडं पडायचा योग गुणवंतसाहेबांनी आणला. हे इद्रीसचे मॅनेजर, मूळचे पुण्याचे. त्यांनी समुद्रापासून दूर, आत वाळवंटात धैदकडे एक शेत भाड्यानं घेतलं होतं. शेतात खजुराची झाडं, चार वाफे भाजी आणि पाणी साठवायचं एक तळं. त्या तळ्यात हौसेखातर त्यांनी क्रेफिश सोडले होते. अंग कोळंबीचं, नांग्या चिंबोरीच्या, राहणार गोड्या पाण्यात. दोन वर्षांत त्यांची प्रजा वाढली, पण हाताला एक लागेना.

"इद्रीसभाई, हे तुमचं डिपार्टमेंट," साहेब म्हणाले. "पिंजरे मी आणलेत. ऑफिसचं गेट-टुगेदर फार्मवर करू. तुम्ही पकडायचं, आम्ही खायचं. डन?"

"डन साहेब, इन्शाल्ला," इद्रीस म्हणाला. दुसरं म्हणणार काय?

शनिवारी संध्याकाळी नवरा-बायको धैदला गेले. इद्रीसनं तळ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि साहेबांना सांगितलं, "आज नको. सध्या भांगाची भरती चालू आहे, पाण्याला जोर नसतो. पौर्णिमेला उधाण येऊ दे, मग बघा कसा माल लागतो." पुण्याच्या माणसाला समुद्राबद्दल काहीही सांगावं, तो मान डोलावतो. साहेबांनी डोलावली.

परतीच्या रस्त्यावर जुलेखानं विचारलं, "त्या तळ्याला भरती येते?"

इद्रीसनं एसी वाढवला.

"खाली प्लास्टिक अंथरलंय त्याच्या. पाणी पाइपानं येतं. उधाण कुठून येणार? अजमानच्या समुद्रावरून?"

"तूच सांगायचीस ना, उधाणाला चिंबोरी फिरते म्हणून?"

"खाडीत!" जुलेखा म्हणाली.

पौर्णिमेला इद्रीसनं पिंजरे लावलेच. तळ्याच्या मधोमध, खोल पाण्यात, आत सुके बोंबील मोकळेच टाकून. तळं चांदण्यानं दिवसासारखं उजळलं होतं. सकाळी दोऱ्या ओढल्या तर पिंजरे रिकामे आणि बोंबीलही गायब. साहेब हसले, पण त्यांचं हसणं जरा पातळ झालं होतं. "कोकणातला माल हुशार नव्हता वाटतं?" ते म्हणाले. इद्रीसचा चेहरा उतरला. जुलेखानं डोळे भरून पाहिलं आणि तिला, खरं सांगायचं तर, थोडी मजा वाटली. मग वाईटही वाटलं.

घरी आल्यावर तो बिछान्याच्या कडेला बसला. "माझं हसं होणार आहे, जुलेखा. काय करू?"

"मला तिथं नेऊन सोडा आणि मध्ये बोलू नका."

हा प्राणी जुलेखानं जन्मात पाहिला नव्हता. म्हणून तिनं पहिल्या खेपेला पिंजऱ्याला हातच लावला नाही. सलवार पोटरीपर्यंत दुमडून ती काठानं फिरली, दगड उलटून बघत. पाइपाखाली दगडांच्या सांदीत तिला टाकलेल्या कवच्या सापडल्या, अगदी चिंबोरी कात टाकते तशा. म्हणजे जनावर काठाला, आडोशाला राहतं. उजेडाला भितं. इद्रीस मागून छत्री धरून चालत होता. तोंड बंद ठेवण्याचं वचन तो पाळत होता आणि त्याला ते फार जड जात होतं.

मग अमावास्या जवळ आल्यावर, काळोखात, तिनं पिंजरे लावले. कांद्याची जाळीची पिशवी फाडून तिच्या छोट्या पुरचुंड्या केल्या, आत ताज्या बांगड्याची डोकी भरली. पुरचुंडी पिंजऱ्याच्या मध्यावर बांधली, म्हणजे आमिष लुटून पळता येणार नाही, कुरतडत बसावं लागेल. पिंजरे काठाशी, दगडांना लागून. तरीही पहिल्या सकाळी चारदोनच निघाले, तेही बोटाएवढे. सवयीनं तिनं पिंजऱ्यांची तोंडं पाइपाच्या धारेकडे केली होती, खाडीच्या ओढीत करतात तशी. इथं ओढ कसली? क्रेफिश तळ्याच्या भिंतीला घासून चालत होते आणि तोंडाला बगल देऊन जात होते. "मीही तुमच्यासारखीच खुळी," ती इद्रीसला म्हणाली. पुढच्या खेपेला तिनं तोंडं भिंतीच्या रेषेत वळवली आणि सकाळी पिंजरा एका हातानं उचलवेना.

जुलेखानं तो दोन्ही हातांनी काठावर घेतला. इतक्या वर्षांनी ओली दोरी, तिला लागलेलं वजन आणि आतली खडखड. तिला रडू आलं आणि ती ते पुसायच्या भानगडीत पडली नाही. पोटाखाली अंडी असलेल्या माद्या तिनं एकेक करून परत सोडल्या, फुफी सोडायची तशा, आणि बाकीचे टबात टाकले.

गेट-टुगेदरला ऑफिसची आठदहा माणसं कुटुंबासकट आली. ओलं बारदान घातलेला टब मध्ये ठेवला होता. गुणवंतसाहेबांनी बारदान उचललं आणि जो तो ओरडला.

"मानलं इद्रीसभाई! बॉस, यू आर द रिअल डील!"

इद्रीसनं जुलेखाकडे पाहिलं. घसा खाकरला. "साहेब, हे मी नाही पकडले. सगळं जुलेखानं केलं. मला यातलं काही येत नाही."

टाळ्या पडल्या.

"काय जंटलमन माणूस आहे!" साहेब म्हणाले. "सगळं क्रेडिट भाभींना!"

"शिका जरा," त्यांची बायको सुहासिनी त्यांना म्हणाली. "तुम्ही कधी दिलंय मला?"

इद्रीस "नाही, खरंच" म्हणत राहिला आणि लोक आणखी हसत राहिले. जुलेखा पाहत होती. खोटं बोलला तेव्हा गोष्ट त्याची झाली, आणि आता खरं बोलला तर मोठेपणाही त्याचाच झाला. वीस वर्षं तिनं हे गिळलं होतं. ती उठली, टबातला सगळ्यात मोठा क्रेफिश पाठीवर पकडून बाहेर काढला आणि नवऱ्यासमोर धरला.

"धरा."

"जुलेखा..."

"धरा ना. पाठीमागून कसं धरायचं ते तुम्ही सांगता रोज."

इद्रीसनं हात पुढं केला. समोरून. क्रेफिशनं त्याचं बोट असं धरलं की तो उभ्या जागी नाचला, हात झटकला, क्रेफिश टेबलाखाली पडला आणि बायकापोरं खुर्च्यांवर चढली. जुलेखा खाली वाकली, न बघताच हात घातला आणि त्याला उचलून टबात टाकलं.

आता कुणी हसलं नाही. साहेबांनी इद्रीसच्या बोटाकडे पाहिलं, मग जुलेखाकडे.

"भाभी, मग ती चिखलात पाय अडकल्याची गोष्ट..."

"पाय माझा होता," जुलेखा म्हणाली. "मी लहान होते."

"पाणी कमरेपर्यंत आलेलं, आणि ओरडलात..."

"ओरडले नाही. ओरडायला तोंड उघडलं असतं तर पाणी गेलं असतं. गळ्यापर्यंत होतं." ती खुर्चीवर बसली. "फुफीच्या डोक्यावर दिवसभराच्या चिंबोऱ्यांची टोपली होती. ती उतरवून ठेवायला कोरडी जागा नव्हती. तिनं टोपली पाण्यात सोडून दिली आणि दोन्ही हातांनी मला ओढलं. टोपली वाहून गेली. त्या दिवशी घरात काही शिजलं नाही. फुफी मला एक शब्द बोलली नाही. मी रात्रभर वाट बघत होते, आता मारेल, मग मारेल."

हे इद्रीसला ठाऊक नव्हतं. जुलेखा गोष्टीत इथपर्यंत यायच्या आतच त्यानं ती दुसऱ्यांना सांगायला घेतली होती, आणि तिनं सांगायची थांबवली होती. तो सुजलेलं बोट मुठीत धरून तिच्या शेजारी येऊन बसला.

"मग?" त्यानं विचारलं.