वाळवंटातलं शेकोटीचं घर

वाळवंटात शेकोटी कोण बांधतं? उम्म अल कुवैनमधल्या एका म्हाताऱ्या अमेरिकन इंजिनियरनं बांधली होती, तीही विटांची, धुराड्यासकट, घराच्या ऐन मध्यात. त्याच्या मुलखात सपाट गवताळ माळ, तर तिथली जुनी प्रेअरी घरंही तशीच, जमिनीला धरून आडवी पसरलेली. बसकं छप्पर, तेही भिंतीच्या चांगलं बाहेर आलेलं, आणि खिडक्यांची सलग रांग. आपल्या आजोबांचं तसलं घर त्यानं तरुणपणी इथं वाळूत हुबेहूब उभं केलं होतं. आता जमिनीचा मालक ते पाडणार होता. निदान ड्रॉइंग तरी मागं राहावं म्हणून मी, शारजातल्या एका ऑफिसातली आर्किटेक्ट, त्याच्या मागं लागले. नको नको म्हणत एका शुक्रवारी तो कसाबसा तयार झाला.

नेमकी आई पुण्याहून आलेली. शारजात माझ्या रोल्लाच्या फ्लॅटमध्ये तिला एकटीला कशी ठेवू? म्हटलं, चल, यल्ला, पण तिथं गप्प बसायचं.

म्हातारा कॉफी करायला आत गेला, मी खिडक्यांची मापं घेत होते. वळून बघते तर काय, शेकोटीवरच्या फळीवर पितळेचा झाकणाचा कलश, त्याला हळदीकुंकवाची बोटं, वर आईच्या केसातला गजरा आणि समोर हात जोडून आई. घराच्या मध्यभागी अग्नी, वर कलश. तिच्या लेखी ते देवघरच.

तेवढ्यात तो ट्रे घेऊन आला आणि जागीच थांबला.

"ती माझी बायको आहे," एवढंच म्हणाला. आत तिची राख होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सॉरी सॉरी करत मी ओढणीनं कुंकू खसाखसा पुसायला लागले, तर ते आणखीच फासलं गेलं. खलास, आता हा हाकलणार, घराबरोबर ड्रॉइंगही गेलं! त्याच्यादेखत मी आईवर खेकसले आणि आत काय आहे ते सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, नवऱ्याच्या आधी गेली ना ही? मी मान हलवली.

"अगं, मग सवाष्ण गेली. तिचं कुंकू पुसलंस?"

माझा हात तिथंच थांबला. आई काय म्हणाल्या, म्हाताऱ्यानं विचारलं. माझं इंग्रजी पार आटलं होतं. नवऱ्याआधी गेलेल्या बाईला आम्ही हळदीकुंकू लावून, सजवून निरोप देतो, एवढं कसंबसं सांगितलं. त्यानं हातातला ट्रे खाली ठेवला. मग कलश उचलून त्यानं आईपुढं धरला. आईनं पुन्हा बोटं लावली.

बायकोची बंद ठेवलेली खोलीही त्यानं मापायला उघडून दिली. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं आईनं. तिच्याकडं बघायची मला लाज वाटत होती.