बाळांचं ताट

आमच्या घरी दोन ओव्हन आहेत, एक माणसांचा आणि एक बाहुल्यांचा. बाहुल्यांच्या ओव्हनमध्ये पॉलिमर क्लेचे केक, नखाएवढ्या कचोऱ्या, मसुरीएवढे गुलाबजाम भाजले जातात. बाहुल्यांना जेवू घालणारी वयाने मोठी माणसं देशभर आहेत आणि ती माझ्याकडून हे सगळं मागवतात, यावर माझ्या सासूबाईंचा कधी विश्वास बसला नाही. इंदूरच्या आमच्या राजेंद्र नगरात कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "आमची सून ना, चाळीसची झाली तरी गुड्डा-गुड्डी खेळते. असली रोटी जळली तरी चालेल, नकली जळायला नको." यात तथ्य होतं.

सासूबाई खाण्याच्या आणि खाऊ घालण्याच्या भोक्त्या. वर्षभर स्वयंपाकघर माझं, पण भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या की त्यांचं. मी नुसती हातांची धनी. या स्वयंपाकात काही म्हणजे काही चाखायचं नाही. नैवेद्य उष्टा होतो. पुरण, सोळा भाज्या, कढी, वडे, सगळ्यात मीठ अंदाजानेच. महालक्ष्म्यांच्या पायाशी त्यांची दोन बाळं बसतात, त्यांच्यासाठी एक छोटी पितळी ताटली असते. नैवेद्य झाला की बाळांची ही ताटली घरातल्या मोठ्या बाईने खायची, मग बाकीच्यांची पंगत, अशी आमच्या घरची रीत. सासूबाई त्या ताटलीतला पहिला घास घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या, "मिठाला कमी आहे."

दरवर्षी. एका वर्षी मी चिडून चिमूटभर जास्तच टाकलं, नवरा दोन तांबे पाणी प्यायला, तरी निकाल तोच. मीही ठरलेलं उत्तर द्यायची, "पुढच्या वर्षी बघते."

या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, आणि गिळणं बंद झालं. पाण्याचा घोट दिला तरी तो श्वासनळीत उतरायचा. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली आणि बजावलं, तोंडाने काहीही नाही, थेंबभर पाणीसुद्धा नाही. मग मी डाळ-भात मिक्सरमधून काढून, गाळून, मोठ्या सिरिंजने नळीत सोडायला शिकले. जिभेला शिवतच नव्हतं, तेव्हा मीठ कमी की जास्त हे त्यांना कळण्याचा प्रश्नच नव्हता. तरी मी प्रत्येक वेळी चाखून बघायची.

आम्ही चोरासारखे जेवायला लागलो. त्यांचा पलंग हॉलमध्ये, म्हणून स्वयंपाकघराचं दार बंद. फोडणी टाकायची तर एक्झॉस्ट लावून. रविवारी पोहे-जलेबी आणली की गच्चीवर जाऊन उभ्या उभ्या खायची. एकदा नवरा तोंड पुसत खाली आला तर त्या अडखळत म्हणाल्या, "चोरी-छुपे काय खाता रे? मला काय खुशबू येत नाही?" तो बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून बसला.

त्यांनी एकच धरून ठेवलं होतं, महालक्ष्म्यांच्या जेवणापर्यंत नळी काढा. गिळण्याचे व्यायाम शिकवायला एक थेरपिस्ट यायची. "आंटीजी, जीभ को इस गाल से उस गाल ले जाइए," ती विनवायची. सासूबाई घामाघूम व्हायच्या, जीभ हलायची नाही. सणाच्या आठवड्यात पुन्हा तपासणी झाली. चमचाभर घट्ट द्रवसुद्धा चुकीच्या वाटेनेच गेला.

"आई, तू जिद नको करू," नवरा म्हणाला. "इस साल नाही. अगले साल पक्का."

आम्ही ठरवलं की घरात पुरण शिजवून त्यांचा छळ करायचा नाही. जुन्या इंदूरला राहणारी नणंद नैवेद्य करून झाकलेल्या डब्यांतून आणेल. हे सांगितल्यावर सासूबाईंनी डाव्या हाताने मला जवळ बोलावलं. "बाळांचं ताट तू कर. ते तुझं, नकलीवालं. त्याला खुशबू येत नाही. मला बघता तरी येईल."

दुधाची तहान ताकावर म्हणतात, इथे ताकही नव्हतं. पण मी हो म्हटलं, कारण दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

त्यांच्या पलंगाशी टेबल ओढून मी कामाला बसले. क्लेची केसासारखी वळी कापून भाताची शितं केली. पुरणपोळीवर तपकिरी खडूचा चुरा ब्रशने लावून डाग पाडले. सुपारीएवढ्या वड्यांना टूथब्रशने टोचून खरखरीतपणा आणला. त्या उशीवर मान वळवून सगळं बघत होत्या. "अळू इतकं हरं नसतं." मी काळपट केलं. "वड्याला छेद?" मी टाचणीने पाडला. इतक्या वर्षांत माझ्या या कामाकडे त्यांनी पहिल्यांदा लक्ष दिलं, आणि मला इतकं असहाय कधीच वाटलं नव्हतं. मी जितकं हुबेहूब करत होते, तितकं ते कमी खाण्यासारखं होत होतं.

जेवणाच्या दिवशी महालक्ष्म्या हॉलमध्ये सासूबाईंच्या समोरच उभ्या होत्या. सासूबाईंना नीट दिसावं म्हणून बाळांना मी पलंगाला लागून टीपॉयवर बसवलं आणि पितळी ताटलीत माझं जेवण मांडलं. नणंदेने आणलेला नैवेद्य दाखवला, आरती झाली, डबे पटकन झाकून गच्चीवर गेले. पाळीपाळीने जेवायचं ठरलं. मी हळदीकुंकवाची तबकं आवरून वळले तर ताटलीत वडा नव्हता.

सासूबाईंचा गाल फुगला होता.

नैवेद्यानंतर बाळांची ताटली कुणाची, हे मीच विसरले होते. ओरडावं तर त्या दचकून गिळतील. घशात अडकला तर काय करायचं, मला काही माहीत नव्हतं. मी त्यांच्या हनुवटीखाली तळहात धरला.

"आई, टाका. टाका ना."

त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. भ्रम झालेल्या माणसाची नजर ती नव्हती. मग त्यांची जीभ हलली आणि वडा हळूहळू या गालातून त्या गालात गेला. थेरपिस्टने महिनोन्महिने विनवूनही जे जमलं नव्हतं ते झालं. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने वडा माझ्या हातावर पडला, ओला, दाताची खूण उमटलेला.

"मिठाला," त्या म्हणाल्या, "कमी आहे."

मला रडू फुटलं, तरी तोंडातून सवयीचं तेच बाहेर पडलं, "पुढच्या वर्षी बघते."

त्यांनी मान हलवली. माझं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं.

"पुढच्या वर्षी नको," त्या म्हणाल्या. "आत्ता घाल ना थोडं."

मीठ ओट्यावरच होतं. मी तळहात पुढे धरून तशीच उभी राहिले.