जाऊ, गोळ्या आणि चंद्री

शेतात राबत होते तेव्हा सांगायला एक किस्सा नव्हता. आता कॅन्सरच्या गोळ्या खात घरी बसलेय, तर किस्से मावंना झालेत! त्यातले निम्मे माझ्या धाकट्या जावेचे, शोभाचे. जळते मी तिच्यावर. लपवून काय करायचं?

*

जेवण झालं की गोळी. मोबाईलचा अलार्म वाजायच्या आत शोभा पाण्याचा तांब्या घेऊन हजर!

आमचे मालक खूश. "शोभाला बराबर टाइम कळतो!"

"व्हय," म्हणलं, "आन् मला काय आतापर्यंत पहाटं कोंबडा येऊन उठवत होता का?"

*

गोळ्यांनी माझे तळहात सोलून निघाले. डॉक्टर म्हणले, चुलीला, भांड्याला हात लावायचा न्हाई. भाकरी शोभाकडं गेली.

पोरगी जेवता जेवता म्हणली, "काकूची भाकर लई मऊ असते."

"मग मी काय इतकी वर्षं शहाबादी फरशी वाढली का गं तुला?"

*

हट्टा गावाहून नणंदबाई मला बघायला आल्या. दारातच शोभाच्या गालावरून हात फिरवला. "काय गं, किती वाळलीस! काम पडतंय का लई?"

कॅन्सर मला, अन् वाळली ही! मला आणलेल्या डाळिंबांतलं पहिलं तिलाच सोलून दिलं.

*

एकच आधार होता, माझी शेळी चंद्री. आई मेलेलं पिल्लू मी बाटलीनं जगवलेलं. दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की लाथ! शोभाचं भांडं दोनदा उलटं झालं. मी खाटेवर पडल्या पडल्या हसले. माझ्यावाचून अडावं असं ह्या घरात काहीतरी उरलं होतं.

अन् एक दिवस शोभा भांडं भरून दूध घेऊन आली.

त्या दिवशी मी चहा कोराच मागितला.

*

दुसऱ्या दिवशी भिंत धरत धरत गोठ्यात गेले. शोभा चंद्रीखाली बसलेली, अंगावर माझी हिरवी साडी! धार काढताना मी नेसायची तीच.

"आता साडी बी घेतली का गं माझी?"

तिनं मान वर केली न्हाई. "मग काय करू, बाई? तुमची साडी नेसल्याबिगर ही जवळ येऊ देत न्हाई. म्हणून धुतली बी न्हाई."

मग तिनं पदर नाकाला लावला. "ह्याच्यातला तुमचा वास चाललाय आता. आज अंगावरची सोडली की मला द्या. पाण्यात टाकू नका."

"आधी धार पुरी काढ!" म्हणलं, अन् साडी सोडायला घरात गेले.